ओंकारला स्टिरॉइड का दिलं नाही

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि ओंकारचे रिपोर्ट, दोन्ही मिळाले. पत्र रागाच्या भरात लिहिलंयस हे अक्षरावरूनच कळतंय, आणि राग येणारच. कॉलेजात जाणारा भाचा सायकलवरून पडतो, भुवईला टाके पडतात, डोळा बाहेरून धडधाकट दिसतो आणि त्याच डोळ्यानं समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही. त्यावर डॉक्टर म्हणतात, वाट बघू. नसेला सूज आहे असं तेच म्हणाले, मग सूज उतरवायचं औषध, म्हणजे स्टिरॉइड, का दिलं नाही, पोराचा डोळा वाऱ्यावर सोडला का, असं तू विचारतोस.

मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, उंदरांच्या ऑप्टिक नर्व्हवर, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर, काम करणारा प्रयोगशाळेतला माणूस आहे. तेव्हा औषधाचा सल्ला माझ्याकडे मागू नकोस. पण तुझ्या या एका प्रश्नाभोवतीच आमचं सगळं काम फिरतं, म्हणून त्यावर मात्र सविस्तर लिहितो. आधीच सांगून टाकतो, रिपोर्ट वाचून मला तरी कुठे हलगर्जी दिसली नाही.

भुवईच्या बाहेरच्या बाजूला बसलेला मार हाडातून आत जातो आणि खोबणीच्या मागच्या टोकाशी पोचतो. तिथे ऑप्टिक नर्व्ह हाडाच्या एका अरुंद बोगद्यातून मेंदूकडे जाते. बोगदा जेमतेम सेंटीमीटरभर. डोळ्याच्या मागे ही नस सैल असते, डोळा फिरला की तीही हलते. बोगद्यात मात्र तिचं आवरण हाडाला घट्ट चिकटलेलं असतं, त्यामुळे धक्का नेमका तिथे बसतो. तंतू ताणले जातात, बारीक रक्तवाहिन्या तुटतात, आणि नस पाणी धरून फुगली तर फुगायला जागा नसते. हे फुगणं एक. दुखावलेल्या जागी आणि दूरवर रेटिनात, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यात, रोगप्रतिकारक पेशी जे काही सुरू करतात तो दाह दुसरा. दोन्ही एकाच वेळी चालू असतात, पण दोन्हींचा इलाज एकच असेल असं धरून चालता येत नाही.

डॉक्टर बॅटरी एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेत होते ते कशासाठी, असं ताईनं विचारलंय. चांगल्या डोळ्यावर उजेड टाकला की दोन्ही बाहुल्या आकसतात. तोच उजेड पटकन दुखावलेल्या डोळ्यावर नेला की बाहुली आकसलेली राहायच्या ऐवजी मोठी व्हायला लागते, कारण त्या नसेतून मेंदूला कमी उजेडाची वर्दी जाते. रिपोर्टमध्ये 'आरएपीडी' लिहिलंय ते हेच. सुरुवातीच्या दिवसांत हीच खूण भरवशाची, कारण तेव्हा डोळ्यात डोकावून पाहिलं तर सगळं ठीकठाक दिसतं. नसेचं टोक फिकट पडायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून पहिल्या दिवशीचा 'फंडस नॉर्मल', म्हणजे डोळ्याची आतली मागची बाजू ठीक, हा शेरा आणि ओंकारला न दिसणं, यात विसंगती काही नाही. तुला त्यात गोलमाल वाटला, तो नाही.

आता मुख्य गोष्ट. या नसेत दहा लाखांहून जास्त तंतू असतात, आणि प्रत्येक तंतू रेटिनातल्या एकेका गँग्लिअन पेशीचा असतो. पेशी डोळ्यात, तिचा तंतू पार मेंदूपर्यंत. मार बसतो तंतूला आणि मरते पेशी, तीही लगेच मरत नाही. मधले काही दिवस ती जिवंत असते आणि तिचं काय करायचं हे ठरत असतं. आमची सगळी धडपड त्या दिवसांसाठी आहे.

उंदराला पूर्ण भूल देऊन आम्ही डोळ्यामागची नस उघडी करतो आणि बारीक चिमट्यानं काही सेकंद दाबतो. नस पांढरीशुभ्र असते. चिमटा काढला की दाबलेला भाग अर्धपारदर्शक दिसतो. रेटिनाला रक्त पुरवणारी वाहिनी अगदी लगत असते, ती चिरडली तर प्रयोग फुकट. दोन आठवड्यांनी रेटिना काढायची, कडेनं चार काप द्यायचे, काचपट्टीवर सपाट पसरायची आणि गँग्लिअन पेशी मोजायच्या. साधारण दहातल्या सात-आठ गेलेल्या असतात. पहिल्या तीन-चार दिवसांत मात्र जवळजवळ सगळ्या जागेवर असतात.

त्याच रेटिनात मायक्रोग्लिया रंगवून बघितल्या की गंमत कळते (गंमत म्हणणं बरं नाही, पण आम्ही असंच बोलतो). मायक्रोग्लिया म्हणजे मेंदू आणि रेटिना यांच्या कायमच्या रहिवासी रोगप्रतिकारक पेशी. निरोगी रेटिनात एकेक पेशी बारीक, लांब फांद्या पसरून बसलेली असते आणि शेजारणीच्या हद्दीत सहसा जात नाही. नस दाबल्यावर काही दिवसांत फांद्या आखूड आणि जाड होतात, पेशीचं अंग फुगतं, संख्या वाढते. काही पेशी लांबट होऊन मोडत चाललेल्या तंतूंना समांतर लागतात. पोटात पाहावं तर मेलेल्या गँग्लिअन पेशींचे तुकडे सापडतात. कुणीही हे चित्र पाहिलं तर म्हणेल, हेच मारेकरी, यांना आवरा. तू पत्रात जे म्हणतोयस ते नेमकं हेच आहे.

२०१७ साली बेन बॅरेस यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगशाळेतून, शेन लिडेलो यांच्या कामातून, याला बळ देणारा पुरावा आला. चेतवलेल्या मायक्रोग्लिया तीन पदार्थ सोडतात, इंटरल्यूकिन-१ अल्फा, टीएनएफ आणि सीवनक्यू. हे तिन्ही मिळून अॅस्ट्रोसाइट या दुसऱ्या आधारपेशींना असं काही बदलून टाकतात की त्या चेतापेशींना सांभाळायचं सोडून मारायला लागतात. उंदराची ऑप्टिक नर्व्ह दाबल्यावर या तीन पदार्थांना अँटिबॉडी देऊन अडवलं, तर गँग्लिअन पेशी वाचल्या. इतका स्वच्छ निकाल आमच्या क्षेत्रात क्वचित मिळतो.

आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या डीटमार फिशर यांच्या गटानं एका औषधानं उंदरांच्या मायक्रोग्लिया जवळजवळ संपवूनच टाकल्या आणि मग नस दाबली. गँग्लिअन पेशी किती मेल्या? मायक्रोग्लिया असताना मरतात तेवढ्याच. तंतूंच्या वाढीतही फरक नाही.

दोन्ही प्रयोग नीट केलेले आहेत. मला वाटतं, दोन्ही खरे आहेत. मायक्रोग्लिया नसतील तर त्या तीन पदार्थांचे निरोप दुसरं कुणीतरी पोचवत असणार. शिवाय मायक्रोग्लिया जशा अपाय करतात तशा रोजची निगाही राखतात, त्यामुळे पेशीच काढून टाकली की दोन्ही गोष्टी जातात आणि बेरीज शून्य येऊ शकते. हा माझा अंदाज. पण तीन ठराविक निरोप अडवणं आणि अख्खी पेशी हटवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तर त्यातून दिसतंच. स्टिरॉइड यांपैकी काहीच करत नाही. ते शेकडो जनुकांवर एकदम हात ठेवतं.

शिवाय मरायचं की जगायचं हा खल पेशीच्या आतही चालू असतो. तंतू दुखावला की डीएलके नावाचं एन्झाइम जागं होतं आणि ती खबर तंतूतून उलटी पेशीच्या केंद्रकापर्यंत नेतं. २०१३ मध्ये दाखवलं गेलं की डीएलके काढून टाकलं तर पुष्कळ गँग्लिअन पेशी जगतात. पण त्याच एन्झाइमवर तंतू पुन्हा वाढवायची तयारीही अवलंबून असते. म्हणजे पेशी वाचली, पण मुकी राहिली. ओंकारला दिसायचं तर नुसती पेशी जगून भागत नाही, तंतू मेंदूपर्यंत जावा लागतो. आणि आपल्या मेंदूचे तंतू एकदा तुटले की परत वाढत नाहीत. मासे आणि बेडूक यांची ऑप्टिक नर्व्ह मात्र वाढते, त्यांना पुन्हा दिसतं. सस्तन प्राण्यांनी हे कुठे गमावलं यावर लोकांच्या हयाती गेल्या आहेत.

आता जे सांगतो ते तुझ्या प्रश्नाच्या बरोबर उलटं आहे. २००० साली बोस्टनमधला लॅरी बेनोविट्झ यांचा गट आणि जर्मनीतला एक गट, दोघांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट छापली. उंदीरजातीच्या प्राण्यांची ऑप्टिक नर्व्ह दाबायची आणि सोबत डोळ्यातल्या भिंगालाही मुद्दाम इजा करायची. इजा वाढवली, तर नुकसान वाढायला हवं. झालं उलट. गँग्लिअन पेशी जास्त जगल्या आणि दाबलेल्या जागेच्या पलीकडे तंतू वाढले. भिंग फुटल्यानं डोळ्यात दाह पेटला होता आणि त्या दाहातूनच वाढीचा निरोप जात होता. पुढे भिंगाला हात न लावता, डोळ्यात झायमोसान म्हणजे यीस्टच्या पेशीभित्तिकेचा अंश टोचून तोच परिणाम आणखी जोरात मिळाला. २००६ मध्ये बेनोविट्झ यांच्या गटानं त्या निरोपातल्या एका मुख्य प्रथिनाचं नाव सांगितलं, ऑन्कोमोड्युलिन. सुरुवातीला वाटलं ते मॅक्रोफेज या कचरा गिळणाऱ्या पेशींमधून येतं; नंतर कळलं की सगळ्यात आधी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, काही तासांतच ते घेऊन येतात. फिशर यांच्या गटाचा भर वेगळ्याच रेणूंवर आहे, सीएनटीएफ आणि एलआयएफ, जे रेटिनातल्याच आधारपेशी सोडतात. या दोन घराण्यांत बरीच वर्षं जुंपलेली आहे. मी कुणाच्या बाजूनं ते विचारू नकोस, दोन्हीकडचे लोक ओळखीचे आहेत.

२०२० मध्ये बेन्जमिन सीगल यांच्या गटानं आणखी पुढची गोष्ट दाखवली. न्यूट्रोफिलांमध्येही सगळे सारखे नसतात. अपक्व न्यूट्रोफिलांचा एक प्रकार वेगळा काढून उंदरांना दिला तर तंतू वाढतात. पक्व न्यूट्रोफिल देऊन ते होत नाही. म्हणजे 'न्यूट्रोफिल आले, दाह वाढला' एवढंच लिहिलेला अहवाल अर्धवट. कोणते आले हे विचारावं लागतं.

मग माणसाच्या डोळ्यात यीस्ट का टोचत नाहीत, असं तू विचारशीलच. कारण पेटवलेला दाह रेटिनालाही पोळतो. उंदराच्या डोळ्यात आम्ही तंतू मोजतो, त्याला वाचता येतं का हे बघत नाही. बेनोविट्झ यांच्याच गटानं २०१२ मध्ये झायमोसान, सीएएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू आणि 'पीटेन' हे जनुक काढून टाकणं, या तिन्हींची सांगड घालून काही तंतू मेंदूपर्यंत नेले, आणि उंदरांच्या काही साध्या दृष्टिप्रतिक्रिया परतल्याचं नोंदवलं. पण जन्माला आलेल्या पोराचं जनुक कोण काढणार?

आणखी एक काम सांगतो, मला ते सगळ्यात जास्त आवडतं. कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली जुनी प्रथिनसाखळी आहे, तिचं काम नको त्या गोष्टीवर खूण करणं, मग मायक्रोग्लिया किंवा मॅक्रोफेज खूण केलेलं गिळतात. वर लिहिलेलं सीवनक्यू हा तिचाच पहिला दुवा. २००७ मध्ये बेथ स्टीव्हन्स आणि बॅरेस यांनी काचबिंदूच्या उंदरांत दाखवलं की पेशी मरण्याच्या आधीच तिच्या जोडण्यांजवळ सीवनक्यू येऊन बसतं. झालं, कॉम्प्लिमेंट खलनायक ठरलं. पण तुटलेल्या तंतूंचं मायलिन, म्हणजे त्यांच्यावरचं चरबीचं वेष्टण, नसेत तसंच पडून राहतं. पाडलेल्या घराचा राडारोडा उचलल्याशिवाय नवा पाया खणता येत नाही, तसं ते मायलिन नव्या तंतूंना अडवतं. हातापायाच्या नसांत हा कचरा काही आठवड्यांत साफ होतो. ऑप्टिक नर्व्हमध्ये महिनोन्‌महिने, माणसात त्याहूनही जास्त काळ पडून राहतो. २०२१ मध्ये बेनोविट्झ यांच्याच गटानं दाखवलं की नसेतलं कॉम्प्लिमेंट किंवा ते ओळखणारा रिसेप्टर काढून टाकला तर हा कचरा कमी साफ होतो आणि तंतूंची वाढही खुंटते. रेटिनात जो निरोप घातक, तोच दोन-तीन मिलिमीटर मागे, नसेत, लागतोच. आता सांग, गोळी किंवा शिरेतून दिलेलं स्टिरॉइड या दोन जागांत फरक कसा करणार?

टी पेशी या आणखी एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींचीही अशीच कथा आहे. मायलिनवर हल्ला करणाऱ्या टी पेशी म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजाराचं मूळ, असं आम्ही शिकलो. १९९९ मध्ये मिखाल श्वार्ट्झ यांच्या गटानं नेमक्या तशाच पेशी ऑप्टिक नर्व्ह अर्धवट दाबलेल्या उंदरांना दिल्या, तर जास्त गँग्लिअन पेशी वाचल्या. त्यावर वाद पुष्कळ झाले आणि मलाही ते काम माणसापर्यंत पोचेल असं वाटत नाही. तरी ते विसरता येत नाही.

आता स्टिरॉइड. हे सगळं आलं कुठून? १९९० मध्ये पाठीच्या कण्याच्या इजेवरचा एक मोठा अभ्यास आला, त्यात पहिल्या आठ तासांत मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा प्रचंड डोस दिलेल्यांना थोडा फायदा दिसला. मग डोळ्याच्या लोकांनीही तो उचलला, इतकंच. ओंकारसारख्या इजेवर रीतसर तुलना करायची म्हणून एक आंतरराष्ट्रीय अभ्यास सुरू झाला, पण इतके रुग्णच मिळेनात की चिठ्ठ्या टाकून गट पाडता यावेत. शेवटी १९९९ मध्ये डॉक्टरांनी आपापल्या मर्जीनं केलेल्या उपचारांचा हिशेब छापला. नजर तक्त्यावर किमान तीन ओळींनी सुधारली ती शस्त्रक्रिया केलेल्यांत ३२ टक्के, स्टिरॉइड दिलेल्यांत ५२ टक्के आणि काहीच न केलेल्यांत ५७ टक्के. ५७ वाचून लगेच हुरळू नकोस, तो गट अवघा नऊ जणांचा होता, आणि सुरुवातीची नजर हिशेबात धरली की तिन्ही गटांत ठोस फरक उरत नाही. यातून एवढंच निघतं की काहीच न करता पुष्कळांची नजर काही अंशी परतते, आणि औषधानं त्यात भर पडते असं दाखवता आलेलं नाही.

२००० मध्ये उंदीरजातीच्या प्राण्यांची नस दाबून मिथाइलप्रेडनिसोलोन दिलं, तर तंतूंचं नुकसान आणखी वाढलं. आणि २००४ मध्ये डोक्याला मार लागलेल्या १०,००८ रुग्णांवरच्या 'क्रॅश' अभ्यासाचा निकाल आला. स्टिरॉइड दिलेल्यांपैकी दोन आठवड्यांत २१.१ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. ओंकार पडला तेव्हा थोडा वेळ बेशुद्ध होता, असं तूच लिहिलंयस. भुवईवर आणि डोक्यावर मार बसलेल्या, बेशुद्ध पडलेल्या मुलाला, डोळ्याला फायदा होईल याचा पुरावा नसताना, ते औषध भरमसाट डोसात द्यायचं? मी त्या जागी असतो तर माझाही हात थांबला असता.

तुझ्या शेजाऱ्याच्या मुलीला स्टिरॉइडच्या सलाइननं दिसायला लागलं, हेही खरं असेल. तिला ऑप्टिक न्यूरायटिस होता, म्हणजे मार नाही, दाहानंच नस आजारलेली. तिथेही १९९२ च्या मोठ्या अभ्यासात शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडनं नजर लवकर परतली, पण शेवटी किती परतली यात जवळपास फरक नव्हता. आणि नुसत्या प्रेडनिसोन या स्टिरॉइडच्या नेहमीच्या डोसातल्या गोळ्या घेणाऱ्यांना आजार जास्त वेळा उलटला. तेव्हा दोन घरांची तुलना ताईसमोर करू नकोस. ती आधीच स्वतःला दोष देत बसली असेल.

दुसऱ्या डोळ्याची भीती तुम्हाला कुणी घातली कळत नाही. एका डोळ्याला इजा झाल्यावर दुसऱ्यातही दाह पेटतो, असा एक आजार खरोखर आहे. पण तो डोळ्याचा गोळा फुटून आतल्या ऊती उघड्या पडल्या तर होतो, कारण एरवी डोळा रोगप्रतिकारक यंत्रणेच्या नजरेपासून बराचसा झाकलेला असतो. ओंकारचा गोळा शाबूत आहे, इजा मागे बोगद्यात आहे. उंदरांत एक नस दाबली की दुसऱ्या डोळ्यातल्या मायक्रोग्लियाही जराशा चेततात, हे आम्ही पाहतो, पण त्यावरून कुणाची दृष्टी गेली असं नाही. दुसऱ्या डोळ्याला धोका आहे तो पुन्हा मार लागण्याचा. त्याला पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा कायम घालायला सांग, नंबर नसला तरी. आणि काही महिने अंतराचा अंदाज चुकेल, जिना उतरताना, कपात ओतताना. त्याला चिडवू नका.

दर थोड्या आठवड्यांनी ओसीटी, म्हणजे रेटिनाच्या थरांची जाडी मोजणारी तपासणी, होईल. त्यात गँग्लिअन पेशींचा थर पातळ होत चाललेला दिसेल, आणि नसेचं टोक फिकट पडलेलं. ताईला आधीच कल्पना दे. आजार नव्यानं वाढतोय असा त्याचा अर्थ नाही, पहिल्या दिवशी जे झालं ते उशिरा दिसतंय. थराची जाडी किती उरली यापेक्षा त्याला अक्षरं किती वाचता येतात, रंग कसे दिसतात, व्हिज्युअल फील्डमध्ये, म्हणजे नजरेच्या टप्प्यात, किती कोपरा उरला, हे विचारत जा. मात्र नजर सुधारायच्या ऐवजी एकदम आणखी घसरली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तेव्हा आवरणाखाली रक्त साचलंय का, हाडाचा तुकडा टोचतोय का, हे बघावं लागतं आणि तिथे शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो.

शेवटचं, आणि हे मी जरा कडक लिहितोय. इंटरनेटवर स्टेम सेलचे जे पत्ते तू शोधून ठेवलेयस, ते फाडून टाक. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या तीन स्त्रियांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आजार निराळा होता, रेटिनाचा, पण चरबीतून काढलेल्या स्टेम सेल दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी टोचून घेतल्या आणि होती ती नजरही गेली. नोंदणी झालेला, फुकट असलेला, नैतिक समितीनं तपासलेला अभ्यास असेल तर कागद मला पाठव, मी वाचून मत देईन. पैसे मागत असतील तर उत्तरसुद्धा देऊ नकोस.

पुढच्या व्हिज्युअल फील्डचा कागद आला की फोटो काढून पाठव, आधीचा आणि नवा शेजारी ठेवून. ओंकारला काही विचारायचं असेल तर थेट मलाच लिहू दे, मामाच्या हातून नको. ताईला नमस्कार.

तुझा,
विनू